हवालदार, सुभेदार आणि अग्निवीर: फौजेतली पदं समजून घेताना

भरतीचा निकाल लागला की मराठवाड्यातल्या गावात चौकात फ्लेक्स लागतो. गणवेशातला पोरगा, मागे तिरंगा आणि खाली ठळक अक्षरांत 'आर्मी ऑफिसरपदी निवड'. प्रत्यक्षात तो अग्निवीर म्हणून निवडलेला असतो. पुढे पंधरा-सोळा वर्षं सीमेवर काढून कुणी सुट्टीवर येतो, तेव्हा त्याच चौकात त्याला विचारतात, "अजून हवालदारच का?" पहिल्या वाक्यात कौतुक आहे, दुसऱ्यात कमीपणा, पण दोन्ही एकाच अज्ञानातून येतात. फौजेत हवालदार होणं म्हणजे काय, हे आपल्याला कुणी नीट सांगितलेलंच नसतं.

सध्या हा प्रश्न घराघरांत नव्यानं आला आहे. तरुणांना अग्निवीर म्हणून चार वर्षांसाठी फौजेत घेणारी अग्निपथ योजना जून 2022 मध्ये जाहीर झाली आणि लष्करातल्या पहिल्या अग्निवीरांचं प्रशिक्षण 2023 च्या सुरुवातीला सुरू झालं. त्यांची चार वर्षं 2026 संपता संपता पूर्ण होऊ लागतात. बीड, जालना, हिंगोली, धाराशिवकडच्या आईवडिलांना साधं उत्तर हवं आहे: आमच्या पोराचं पद नेमकं कोणतं, आणि तो राहिला तर कुठपर्यंत चढेल? त्यासाठी सुरुवात पायापासून करावी लागेल.

### शिडी एक नाही, तीन आहेत

आपण समजतो की खाली शिपाई, वर जनरल आणि मधे एकच लांब शिडी. भारतीय लष्करात तसं नाही. तिथे तीन वेगळे गट आहेत आणि एका गटातून दुसऱ्यात जाताना निवडीची स्वतंत्र पायरी ओलांडावी लागते.

पहिला गट जवानांचा. यात शिपाई, लान्स नायक, नायक आणि हवालदार येतात. त्यातल्या नायक आणि हवालदार यांना एनसीओ म्हणतात, म्हणजे नॉन-कमिशन्ड ऑफिसर. लान्स नायक त्यांच्या उंबरठ्यावरचा. 'कमिशन' म्हणजे राष्ट्रपतींच्या नावानं मिळणारं अधिकारपत्र. एनसीओंकडे ते नसतं, पण माणसांना हुकूम देण्याचा अधिकार असतो.

दुसरा गट जेसीओंचा, म्हणजे ज्युनिअर कमिशन्ड ऑफिसरांचा. नायब सुभेदार, सुभेदार आणि सुभेदार मेजर ही त्यातली तीन पदं.

तिसरा गट पूर्ण कमिशन मिळालेल्या अधिकाऱ्यांचा. लेफ्टनंट, कॅप्टन, मेजर, लेफ्टनंट कर्नल, कर्नल आणि तिथून वर जनरलपर्यंत. एनडीए (बारावीनंतर राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत प्रवेशासाठी) आणि सीडीएस (पदवीनंतर) या परीक्षा या गटासाठी असतात. संभाजीनगरची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था 1977 पासून मुलांना एनडीएसाठी तयार करते, ती याच दारातून आत जाण्यासाठी. भरती मेळाव्यात धावणाऱ्या मुलाचं दार वेगळं आहे.

या लेखाचा विषय पहिले दोन गट आहेत. लष्करातली बहुसंख्य माणसं याच दोन गटांतली असतात आणि मराठवाड्यातली घरंही बहुतेक इथेच जोडलेली आहेत.

### खांद्यावर आणि बाहीवर काय बघायचं?

गणवेश बघून पद ओळखणं अवघड नाही. बाहीवर इंग्रजी 'व्ही' अक्षरासारख्या फिती असतील तर तो जवानांच्या गटातला. एक फीत लान्स नायकाची, दोन नायकाच्या, तीन हवालदाराच्या. एकही फीत नसेल तर शिपाई.

खांद्यावर तारा असेल आणि त्याखाली लाल-पिवळी पट्टी असेल तर जेसीओ. पट्टीसह एक तारा नायब सुभेदाराचा, दोन सुभेदाराचे, आणि पट्टीवर अशोकस्तंभाचे सिंह असतील तर सुभेदार मेजर. गोंधळ होतो तो इथे. लेफ्टनंटच्या खांद्यावरही दोनच तारे असतात आणि मेजरच्या खांद्यावरही सिंहच असतात, पण त्यांच्याकडे ती पट्टी नसते. म्हणून फोटो बघताना आधी पट्टी शोधायची, मग तारे मोजायचे.

नावांचाही एक गुंता आहे. शिपाई हे पायदळातलं नाव. तोफखान्यात त्याच दर्जाच्या जवानाला गनर म्हणतात, इंजिनिअर दलात सॅपर, रणगाड्यांच्या दलात सवार, सिग्नल दलात सिग्नलमन. म्हणजे नाशिक रोडच्या तोफखाना केंद्रातून बाहेर पडलेला गनर, खडकीचा सॅपर, अहिल्यानगरला शिकलेला सवार आणि बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्री केंद्रातला शिपाई हे चौघे पदानं सारखेच. रणगाड्यांच्या दलात पुढची नावंही जुन्या घोडदळाची आहेत: हवालदाराच्या जागी दफादार, सुभेदाराच्या जागी रिसालदार. हवाई दल आणि नौदलात फिती व नावं निराळी असतात. तिथे हवालदाराच्या बरोबरीचे सार्जंट आणि पेटी ऑफिसर.

### दहा माणसांचा धनी

पायदळातली सर्वांत लहान तुकडी म्हणजे सेक्शन, साधारण दहा जणांची. तिचा प्रमुख हवालदार किंवा नायक. असे तीन सेक्शन मिळून प्लॅटून होते, तीन प्लॅटूनची कंपनी, आणि चार लढाऊ कंपन्या व बाकीची मदतीची माणसं मिळून बटालियन, म्हणजे आठशेच्या आसपास माणसं.

मराठी माणसाला हे गणित परकं वाटायला नको. शिवकाळातल्या पायदळात दहा माणसांवर एक नाईक आणि पाच नाइकांवर एक हवालदार अशी रचना होती. आज हवालदाराच्या हाताखाली तेव्हापेक्षा कमी माणसं आहेत. पण माणूस दहा जणांनाच जवळून ओळखू शकतो, हे तेव्हाही कळलेलं होतं.

सेक्शन कमांडरचं काम कागदावर फार छोटं दिसतं. प्रत्यक्षात दहा जणांपैकी कुणाला ताप आहे, कुणाच्या घरी जमिनीचा वाद चाललाय, कोण रात्रीच्या गस्तीत घाबरतो आणि कोण गरजेपेक्षा जास्त धाडस करतो, हे त्याला माहीत असावं लागतं. कुणाच्या पायातला बूट चावतो हेसुद्धा. रायफली साफ आहेत का, पाणी भरलंय का, पहारा कोण कधी बदलणार, हे सगळं त्याच्याच डोक्यात. आणि गोळीबार सुरू झाला की आडोसा कुठे घ्यायचा आणि पुढे कुणी सरकायचं, हे ओरडून सांगणाराही तोच. कंपनीचे प्रमुख मेजरसाहेब त्या क्षणी काही शे मीटर मागे किंवा बाजूला असतात. त्यांचा आदेश 'ती टेकडी घ्या' इतकाच असतो. टेकडी कशी घ्यायची, हे शेवटच्या पन्नास मीटरवर हवालदार आणि नायक ठरवतात.

रायगड जिल्ह्यातले नायक यशवंत घाडगे पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीत असेच एका सेक्शनचे प्रमुख होते. 10 जुलै 1944 रोजी इटलीत वरच्या टायबर खोऱ्यात अगदी जवळून मशिनगनचा मारा झाला आणि त्यांच्या सेक्शनमधला प्रत्येक जण मारला गेला किंवा जखमी झाला. उरले ते एकटे. ते थेट मशिनगनवर धावून गेले, ग्रेनेड टाकून ती बंद पाडली, आणि रायफलीत नव्या गोळ्या भरायला वेळ नव्हता तेव्हा दस्त्यानं लढले. ठाणं त्यांनी घेतलं आणि तिथेच शत्रूच्या नेमबाजाच्या गोळीनं कोसळले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पद होतं नायक, दोन फितींचं.

या पदाची आणखी एक कठीण बाजू कुणी बोलत नाही. बढती मिळालेल्या नायकाला काल ज्यांच्या शेजारी बिछाना टाकला, त्यांनाच आज हुकूम द्यावा लागतो. मित्राला ड्युटी लावायची आणि तरी मैत्रीही टिकवायची. अधिकाऱ्याला हे करावं लागत नाही, तो पहिल्या दिवसापासून वेगळ्या मेसमध्ये जेवतो.

हवालदारांमध्येही नेमणुकीचे प्रकार असतात. कंपनी क्वार्टरमास्टर हवालदार म्हणजे सीक्यूएमएच, कंपनीचं सामान आणि रसद बघणारा. कंपनी हवालदार मेजर म्हणजे सीएचएम, कंपनीची शिस्त आणि हजेरी बघणारा. ही नेमणूक आहे, पद दोघांचंही हवालदाराचंच. अब्दुल हमीद सीक्यूएमएच होते. सप्टेंबर 1965 मध्ये असल उत्तरच्या लढाईत रसद बघणारा हा हवालदार जीपवर बसवलेल्या तोफेनं पाकिस्तानी रणगाडे फोडत होता. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं.

### सुभेदार अधिकारी आहे की नाही?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. उत्तर 'आहे आणि नाही' असं आहे, म्हणून जरा थांबून बघू.

जेसीओकडे कमिशन असतं, तो राजपत्रित असतो, त्याची मेस वेगळी असते. जवान त्याला 'साहेब' म्हणतात आणि अधिकारीही 'सुभेदारसाहेब' म्हणूनच हाक मारतात. पण अधिकारांच्या क्रमात सर्वांत ज्येष्ठ सुभेदार मेजरही सर्वांत नव्या लेफ्टनंटच्या खाली येतो.

बाविशी-तेविशीचा लेफ्टनंट वर आणि तीस वर्षं फौजेत काढलेला माणूस खाली, हे कसं काय? सरकारी दवाखान्याचा वॉर्ड आठवा. नवा डॉक्टर येतो, औषध लिहिण्याचा अधिकार त्याचाच. पण इन्चार्ज सिस्टर पंचवीस वर्षं त्या वॉर्डात आहेत. कुठल्या पेशंटचा चेहरा बघून काळजी करायची, हे त्यांना आधी कळतं. शहाणा डॉक्टर सही स्वतः करतो, पण सिस्टरना विचारल्याशिवाय करत नाही. लेफ्टनंट आणि सुभेदाराचं नातं नेमकं असं असतं.

यामागे आणखी एक कारण आहे. अधिकारी दर दोन-तीन वर्षांनी बदलून जातात, स्टाफच्या कामाला, शिकायला, दुसऱ्या ठिकाणी. जेसीओ मात्र शिपाई म्हणून ज्या पलटणीत, म्हणजे बटालियनमध्ये आला, बहुतेकदा त्याच पलटणीत वाढतो. त्यामुळे पलटणीची आठवण त्याच्याकडे असते. सुभेदार मेजर तर बटालियनमध्ये एकच असतो आणि जवानांच्या बाबतीत कमांडिंग ऑफिसरचा, म्हणजे बटालियनच्या प्रमुखाचा, तो सल्लागार असतो. जवानाची अडचण वरपर्यंत पोचवायची आणि वरचा निर्णय जवानाला पटवायचा, ही दुहेरी जबाबदारी त्याची.

लढाईत जेसीओ प्लॅटूनचं नेतृत्व करतो, साधारण तीस-पस्तीस माणसांचं. 23 ऑक्टोबर 1962 ला अरुणाचलच्या बुम ला भागात चिनी लाटा थोपवून धरणारे सुभेदार जोगिंदर सिंग प्लॅटून कमांडर होते. 1987 मध्ये सियाचिनवर सुमारे 21,000 फुटांवरचं पाकिस्तानी ठाणं घेणारे बाना सिंग तेव्हा नायब सुभेदार होते. दोघांनाही परमवीर चक्र मिळालं. बाना सिंगांनी घेतलेल्या त्या ठाण्याला आज त्यांचंच नाव आहे.

### इंग्रजांनी केलेली ही सोय अजून का?

आक्षेप रास्त आहे. कंपनी सरकारनं देशी पलटणी उभ्या केल्या तेव्हा गोऱ्या अधिकाऱ्याला जवानांची भाषा, जात, सण, जेवण काहीच कळत नव्हतं. मधला माणूस हवा होता, तो सुभेदार आणि जमादार या देशी अधिकाऱ्यांच्या रूपानं मिळाला. पण त्यांना वरचं दार बंद होतं. आयुष्यभर नोकरी केली तरी सुभेदार नव्या गोऱ्या पोराच्या खालीच. पुढे त्यांना व्हाइसरॉयचे कमिशन्ड ऑफिसर म्हणू लागले, आणि राजाचं कमिशन मात्र गोऱ्यांचं. पहिल्या महायुद्धानंतर मोजक्या भारतीयांना इंग्लंडमधल्या सँडहर्स्टच्या सैनिकी अकादमीत प्रवेश मिळाला आणि 1932 मध्ये डेहराडूनला भारतीय सैनिकी अकादमी सुरू झाली, तेव्हा कुठे ती भिंत फुटू लागली.

स्वातंत्र्यानंतर हे पद मोडीत काढता आलं असतं. आपण ते जेसीओ या नावानं ठेवलं. जमादार हे नाव 1965 मध्ये बदलून नायब सुभेदार झालं. माझ्या मते ठेवलं ते बरं झालं. मूळ हेतू वंशभेदाचा होता हे खरं, पण खालून वर आलेल्या माणसाला नेतृत्वाची आणि मानाची जागा देणारं दुसरं इतकं भक्कम पद नाही. ब्रिटिश सैन्यात प्लॅटून लेफ्टनंटकडे असते आणि सार्जंट त्याच्या मदतीला. आपल्याकडे बहुतेक प्लॅटून थेट जेसीओ चालवतो. जवानाच्या मुलाला 'आपल्यातला माणूस' आपलं नेतृत्व करताना दिसतो, ही लहान गोष्ट नव्हे.

### बढती फक्त वर्षं भरली की मिळते का?

नाही. गावात सगळ्यात मोठा गैरसमज हाच.

वर जाताना जागा कमी होत जातात. दहा जणांमागे एक सेक्शन कमांडर, तीन सेक्शनमागे एक प्लॅटून कमांडर, आठशेमागे एक सुभेदार मेजर. प्रत्येक पायरीला जागा रिकामी व्हावी लागते, आणि ती आपल्याच रेजिमेंटमध्ये किंवा दलात. म्हणून एकाच गावचे दोघे एकाच दिवशी भरती झाले, एक मराठा लाइट इन्फंट्रीत आणि एक तोफखान्यात, तर दोघांना हवालदारपद वेगवेगळ्या वर्षी मिळू शकतं. यात कुणी हुशार आणि कुणी ढ असं काही नसतं. भावकीत यावरून होणारी तुलना थांबायला हवी.

जागेशिवाय परीक्षाही असतात. शिक्षणाचं लष्करी प्रमाणपत्र, नकाशा वाचन, आणि 'कॅडर' म्हणून ओळखला जाणारा बढतीचा कोर्स. वैद्यकीय श्रेणी चांगली लागते. शिक्षा झाली असेल तर सेवापुस्तकात लाल शाईची नोंद होते, आणि ती बढतीच्या वेळी आडवी येते.

थेट वरच्या पदावर प्रवेशाचे अपवादही आहेत. धर्मगुरू आणि काही तांत्रिक कामांसाठी थेट जेसीओ घेतात. खेळाडूंनाही घेतात. नीरज चोप्रा 2016 मध्ये नायब सुभेदार म्हणूनच लष्करात आला. पण आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे बारावीनंतर साधा जवान म्हणून महार रेजिमेंटच्या 5 महार बटालियनमध्ये भरती झाला, सियाचिनची थंडी आणि राजस्थानचं ऊन काढलं आणि मग धावपटू झाला. 2022 च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत 3000 मीटर स्टीपलचेसमध्ये त्याचं सुवर्ण 0.05 सेकंदानं हुकलं आणि रौप्य मिळालं. दोन्ही वाटा मानाच्या आहेत, पण बीडच्या पोराची वाट तळापासूनची होती.

### पगार कसा वाढतो?

सातव्या वेतन आयोगानुसार शिपाई आणि लान्स नायक यांचं मूळ वेतन 21,700 रुपयांपासून सुरू होतं. नायकाचं 25,500, हवालदाराचं 29,200, नायब सुभेदाराचं 35,400, सुभेदाराचं 44,900 आणि सुभेदार मेजरचं 47,600. लेफ्टनंटचं 56,100. या शिवाय जवान आणि जेसीओंना दरमहा 5,200 रुपये सैनिकी सेवा वेतन, अधिकाऱ्यांना 15,500. महागाई भत्ता, अवघड ठिकाणचे भत्ते वेगळे. हे सुरुवातीचे आकडे आहेत. दरवर्षीच्या वाढीमुळे जुन्या सुभेदार मेजरचं मूळ वेतन त्याच्या बरंच पुढे गेलेलं असतं.

मग बढती मिळालीच नाही तर? त्यासाठी एमएसीपी नावाची, म्हणजे ठरावीक वर्षांनी पगार वाढवण्याची तरतूद आहे. पदाची जागा नसली तरी 8, 16 आणि 24 वर्षांच्या सेवेनंतर पगाराची पायरी वाढते. म्हणून कधीकधी बाहीवर दोन फिती असलेल्या नायकाला हवालदाराचा पगार मिळतो. पगार वाढला म्हणजे पद वाढलं असं नसतं.

### अग्निवीर यात कुठे बसतो?

कुठेच नाही, आणि हे घरच्यांनी स्पष्ट समजून घ्यायला हवं. अग्निवीर हे स्वतंत्र पद आहे. शिपाई, नायक, हवालदार या रांगेत ते येत नाही, त्याचं चिन्हही वेगळं. योजना जाहीर झाली तेव्हाच्या अटींप्रमाणे पहिल्या वर्षी दरमहा 30,000 आणि चौथ्या वर्षी 40,000 रुपये, त्यातले 30 टक्के सेवा निधीत जमा. सरकार तितकीच भर घालतं आणि चार वर्षांनी व्याजासह सुमारे 11.71 लाख रुपये हातात येतात. पेन्शन नाही, माजी सैनिकाचा दर्जाही नाही.

चार वर्षांनी 25 टक्क्यांपर्यंत अग्निवीर नियमित सेवेत घेतले जातात, पुढच्या किमान 15 वर्षांसाठी. वर सांगितलेली सगळी शिडी त्यांच्यासाठी तिथून उघडते. बाकीचे घरी परततात. त्यांना 'हवालदार का नाही झालास' असं विचारणं म्हणजे ज्या परीक्षेला बसूच दिलं नाही तिचा निकाल मागणं. चार वर्षांत त्या पोरानं शस्त्र, शिस्त आणि थंडी-उन्हाची सवय कमावलेली असते, तिचा मान गावानं ठेवलाच पाहिजे.

### जवान कधी लेफ्टनंट होऊ शकतो का?

होतो. सेवेत असलेल्या, बारावी झालेल्या तरुण जवानांसाठी आर्मी कॅडेट कॉलेजची वाट आहे. परीक्षा आणि एसएसबी, म्हणजे अधिकारी निवडणाऱ्या मंडळाची मुलाखत पार केली की डेहराडूनला प्रशिक्षण आणि मग इतरांसारखाच पूर्ण अधिकारी. वय वाढल्यावरही एक-दोन निवड योजना आहेत. भरतीच्या अकादम्या मैदानावरचे वळसे मोजायला शिकवतात, पण ही वाट फार कमी मुलांना सांगतात. सांगायला हवी.

'ऑनररी कॅप्टन' हा प्रकार वेगळा. उत्तम सेवा केलेल्या निवडक जेसीओंना निवृत्तीच्या सुमारास, 26 जानेवारी किंवा 15 ऑगस्टला, मानद लेफ्टनंट किंवा मानद कॅप्टन हे पद दिलं जातं. तसंच निवडक हवालदारांना निवृत्तीवेळी मानद नायब सुभेदार केलं जातं. कुणाच्या नावामागे 'ऑनररी' असेल तर तो शब्द गाळू नका आणि त्याला कमी लेखूही नका. शिपाई म्हणून सुरू केलेला माणूस तिथवर पोचलेला असतो.

### घरच्यांनी काय तपासायचं?

पदाचा संबंध पेन्शनशी आहे. 1 जुलै 2014 पासून लागू झालेल्या 'वन रँक वन पेन्शन'मध्ये शेवटचं पद आणि सेवेची वर्षं यांवर रक्कम ठरते आणि दर पाच वर्षांनी ती सुधारते. म्हणून निवृत्त जवानाच्या, आणि विशेषतः वीरपत्नींच्या घरी दोन कागद हाताशी हवेत: डिस्चार्ज बुक आणि पेन्शन पेमेंट ऑर्डर, म्हणजे पीपीओ. दोन्हींवर पद तेच आहे का, सेवेची वर्षं जुळतात का, मानद पद मिळालं असेल तर ते नोंदलंय का, पत्नीचं नाव आणि जन्मतारीख आधारशी जुळते का, हे बघा. फरक दिसला तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. ते मराठवाड्यातल्या जिल्ह्याच्या ठिकाणी आहे आणि रेकॉर्ड ऑफिसला पत्र कसं लिहायचं, हे तिथे सांगतात. जाताना सैनिकाचा सेवा क्रमांक आणि रेजिमेंटचं नाव लिहून न्या. सगळं रेकॉर्ड त्या क्रमांकावरूनच शोधलं जातं.